जयगढचा बहादूर

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. किंमत 60 पैसे, नायक वेताळ. अमेरिकेच्या ली फॉकने 1936 साली घडवलेला हा मुखवटाधारी इथे मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतून घरोघर गेला. मागोमाग फॉकचाच जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला आणि पुढे दर आठवड्याला अंक निघू लागला. 1990 मध्ये मालिका थांबली, तोवर आठशेच्या वर अंक झाले होते.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील गार्ड होते. ड्यूटीवरून घरी येताना ते फलाटावरच्या स्टॉलवरून अंक घेत आणि डब्याच्या पिशवीत घालून आणत. घरी वाचून झाला की अंक कॉलनीभर फिरे. एका वेताळाच्या बदल्यात एक मँड्रेक मिळे. मुखपृष्ठ फाटलं असेल तर दोन द्यावे लागत. ज्यांना विकत घेणं परवडत नसे त्यांच्यासाठी बाजारात भाड्याने पुस्तकं देणारा एक दुकानदार होता. दुकानातच बसून वाचलं तर तो कमी पैसे घेई. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या बाकावर जागा मिळत नसे. आमच्या कॉलनीतल्या कितीतरी मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं मराठी या अंकांतल्या संवादांच्या फुग्यांमध्येच वाचलं.

माझा जीव मात्र बहादूरवर होता. आबिद सुरतींनी 1976 मध्ये तो खास इंद्रजालसाठी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी काढला. वेताळाची रंगीत मुखपृष्ठं रंगवणारे गोविंद ते हेच. बहादूरच्या अंगात भगवा कुर्ता आणि जीन्स, गाव जयगढ, मुलूख चंबळचा. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. सूड घ्यायला निघालेला हा मुलगा बापाची खरी कहाणी कळल्यावर डाकूंच्याच विरोधात उभा राहतो आणि गावकऱ्यांना हाताशी धरून सुरक्षा दल बांधतो. चंबळचे शेकडो डाकू जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने 1972 मध्ये शरण आले होते. त्या बातम्या मोठ्यांच्या बोलण्यात अजून ताज्या होत्या, त्यामुळे बहादूरची गोष्ट आम्हाला खरीच वाटे. शिवाय त्यात बेला होती. ती बहादूरच्या बरोबरीने मारामारी करायची, सुटकेची वाट बघत बसायची नाही. माझ्यासारख्या मुलीला हे चित्रात दिसणं फार मोठं होतं.

पंजाब मेल भुसावळवरून पुढे ग्वाल्हेर, मुरैना करत चंबळ ओलांडते. कॉलेजात असताना त्या गाडीने दिल्लीला गेले, तेव्हा मुरैनाच्या पुढे खिडकीतून मातीच्या घळी दिसल्या. गोविंदांनी काढलेल्या घळी अशाच होत्या. बहादूर आपल्या देशातल्या खऱ्या जमिनीवर उभा आहे, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पुढे घरोघर टीव्ही आले. रविवारी सकाळी रामायण आणि नंतर महाभारत लागलं की भाड्याच्या दुकानातला बाक रिकामा पडे. माझ्या हातातला अंक शेवटचा आहे हे वाचताना कळलं नव्हतं. पुढचा आला नाही, त्याच्या पुढचाही आला नाही, तेव्हा कळलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते, तरी घरातलं कुणी न सांगता निघून गेल्यासारखं वाईट वाटलं.

वेताळ त्यानंतरही जगला. फॉक 1999 मध्ये गेले तरी त्याची चित्रपट्टी चालू राहिली, इतर प्रकाशनांनी त्याची पुस्तकं काढली. मँड्रेकलाही दुसरी घरं होती. बहादूरचं घर एकच होतं, इंद्रजाल. ते बंद झालं आणि त्याच्या पाठीशी कुणी उरलं नाही. परदेशातून आलेले नायक टिकले आणि इथल्या मातीतला नायक उघड्यावर पडला, याचं दुःख मला आजही आहे. सुरती आणि ब्राह्मणिया यांचं काम संग्राहकांच्या कपाटात अडकून राहू नये. बहादूरचे सगळे अंक क्रमाने, चांगल्या छपाईत आणि मराठीत पुन्हा निघाले पाहिजेत. आजच्या दहा वर्षांच्या मुलीलाही बेला भेटली पाहिजे.