शिकलगाराची कानस

रात्री दाराला कुलूप घालून चावी उशाखाली ठेवणाऱ्या मराठी माणसाच्या हाती दोन परमुलखांतले शब्द असतात. ‘कुलूप’ हा मूळचा अरबी ‘कुफ्ल’. कुरआनात तो अनेकवचनी येतो, माणसांच्या अंतःकरणांवर पडलेल्या कुलपांविषयी. ‘चावी’ पोर्तुगीज भाषेतून किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून देशावर आली. ‘किल्ली’ तेवढी घरची. तिचे मूळ संस्कृत ‘कील’, म्हणजे खुंटी किंवा खिळा, इथवर नेले जाते. शब्दांचा हा माग कोशकारांनी काढून ठेवला आहे. कुलूप आणि चावी घडवणाऱ्या हातांचा माग मात्र कोणी फारसा काढलेला नाही. मराठेशाहीतल्या किल्ल्यांचा कारभार सांगताना हवालदार, सबनीस, कारखानीस यांची कामे इतिहासकार नेमकी सांगतात. सूर्यास्ताला दरवाजे बंद व्हायचे, किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असायच्या, हेही सांगतात. त्या कुलपाचा खटका अडला तर गडावर कोणाला बोलावत असत, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

आम्हाला ते सुचले, त्याला कारण आमच्या भागातली आडनावे. सातारा आणि सांगली हा मुळात एकच जिल्हा. 1949 साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले. या दोन्ही जिल्ह्यांत साताऱ्यापासून कराड, इस्लामपूर, तासगाव ते मिरजेपर्यंत कुठलीही मतदार यादी उघडा. मुलाणी, अत्तार, तांबोळी, बागवान, नदाफ यांच्या जोडीला शिकलगार सापडतातच. ‘सैकल’ म्हणजे धातूला घासून चकाकी आणणे. ते करणारा तो सैकलगर, आणि मराठी जिभेवर घोळून झालेला शिकलगार.

तलवार घडवणारा वेगळा आणि शिकलगार वेगळा, हे ध्यानात घेतले पाहिजे. मराठ्यांच्या तलवारींची पाती पुष्कळदा फिरंगी असत, युरोपातून आलेली. त्यांना मूठ इथली. पात्याचा मागचा दांडा लाख भरून मुठीत पक्का बसवायचा, गंज काढायचा, धार लावायची, पाते पुन्हा आरशासारखे करायचे, हे शिकलगाराचे काम. त्याला जोर थोडा आणि नजर फार लागते. धातू केसभर जास्त गेला तर पाते वाया. केसभर धातू काढायची ही विद्या पुढच्या सगळ्या हकिकतीचे मूळ आहे.

1818 साली पेशवाई बुडाली. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य नावापुरते उरले होते, तेही 1848 साली कंपनी सरकारने खालसा केले. सांगली-मिरजेची पटवर्धनी संस्थाने टिकली, पण त्यांच्या फौजा आता लढाईच्या राहिल्या नव्हत्या. 1857 नंतर ब्रिटिश मुलखात हत्यारे जप्त झाली आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बनवणे, विकणे, बाळगणे या सगळ्यांवर परवान्याचे बंधन आले. एका पिढीत गिऱ्हाईक संपले. हातमाग मोडलेल्या मोमिनांविषयी इतिहासाच्या पुस्तकांत निदान एक परिच्छेद असतो. शिकलगारांच्या वाट्याला तोही आला नाही. लढाया संपल्या याचे दुःख कोणी करावे, असेही कोणी म्हणेल. पण पोट चालायला हवे होते.

बहुतेकांनी धारेचा धंदा सोडला नाही, गिऱ्हाईक बदलले. तलवारीच्या जागी न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, घरची विळी, अडकित्ता आणि पुढे ऊस वाढला तसा कोयता आला. मिरजेतल्या एका घराण्याने मात्र अशी वाट धरली की ती आजही नवल वाटावी. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांनी 1850 च्या सुमारास तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली. मिरजेच्या संस्थानिकांना गाण्याची आवड होती, दरबारात कलावंत येत, त्यांची वाद्ये प्रवासात मोडत आणि नीट करणारा जवळपास कोणी नसे, असे सांगितले जाते. ज्या हाताला पात्यावरचा केसभर उंचवटा कळतो, त्याला तंबोऱ्याच्या घोडीवरचाही कळतो. घोडीचा माथा किंचित कमीजास्त घासला की तारेचा झंकार बदलतो. ‘जवारी काढणे’ म्हणतात ते हेच, आणि तेही कानशीचेच काम. दुरुस्तीतून ते नवी वाद्ये करू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेत येऊ लागले. शिकलगारांचे सतारमेकर झाले आणि त्यांच्या नावाची गल्ली झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज आम्हाला ठाऊक असते. तिच्या तंबोऱ्यामागे तलवारीचा गंज घासणारे हात होते, हे ठाऊक असणारे कमी.

तिसरी वाट चावीची. ती कोणी एकाने काढली नाही, म्हणून तिला गल्लीही मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलीगढला कुलपांचा धंदा उभा राहिला. 1897 साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली. कारखान्यातले कुलूप वाड्यावस्त्यांवर पोहोचले आणि त्याबरोबर चाव्या हरवू लागल्या. लोहाराचा घण इथे उपयोगाचा नव्हता. तिथे कानस लागत होती, आणि ती शिकलगाराकडे होती. हे काम एकट्या मुसलमान शिकलगाराचे मात्र नव्हे. पुण्या-मुंबईकडे शीख शिकलगारही चाव्या करतात. त्यांच्या परंपरा शीख गुरूंच्या फौजेशी नाते सांगतात. धर्म दोन, पण नाव एक, कानस एक आणि धंदा मोडण्याचे कारणही एकच.

ही चावी होते कशी, ते पाहण्यासारखे आहे. जुनी चावी हाती असेल तर तिच्याशी कोरी चावी जुळवून खाचा उतरवायच्या, एवढेच. खरी परीक्षा चावी हरवलेली असते तेव्हा. कारागीर कोरी चावी दिव्यावर धरून तिच्यावर काजळी चढवतो, कुलपात घालतो आणि हलक्या हाताने दाब देऊन फिरवून पाहतो. आतल्या खुंट्या जिथे अडतात तिथे काजळीवर बारीक ठिपके उमटतात. तिथेच कानशीचे दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. ठिपका उमटायचा थांबला की ती खाच पुरी झाली. कुलूप न उघडता त्याच्या आतले असे वाचून काढायचे. मध्ययुगातला थोर यंत्रविद अल-जझरी याने 1206 सालच्या आपल्या ग्रंथात चार तबकड्यांच्या अक्षरी कुलपाची रचना दिली आहे. आमच्या जलशांतल्या भाषणांत त्याचे नाव हटकून येते. बसस्टँडबाहेर छत्रीखाली चाव्यांचा घोस टांगून बसलेल्या चाचांचे येत नाही, आणि ही आमची खोड आम्हाला बरी वाटत नाही.

या माणसाकडे विद्या आहे म्हणूनच त्याच्याविषयी संशयही आहे. गल्लीत घरफोडी झाली की पहिली नजर चावीवाल्याकडे वळते. आमच्या परंपरेत चावी ही अमानत मानली गेली आहे. 630 साली मक्का जिंकल्यावर काबागृहाची चावी ज्यांच्याकडे होती त्या उस्मान बिन तलहा यांनाच ती परत दिली गेली, आणि आजही ती त्याच बनू शैबा घराण्याकडे असते. मोहल्ल्यातल्या प्रत्येक दाराची चावी करू शकणारा माणूस संध्याकाळी दीडदोनशे रुपये गोळा करून घरी जातो, तो याच अमानतीच्या बळावर. त्याला तसे कोणी म्हणून दाखवत नाही एवढेच.

मग गाड्या आल्या. 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. तिच्या हँडलच्या कुलपाची चावी कुठलाही चावीवाला बसल्या जागी करून देई. अँबेसेडर, फियाट, 1983 च्या अखेरीस आलेली मारुती 800, सगळ्यांच्या चाव्या म्हणजे खाचा पाडलेली पट्टी. दुसरी चावी करायला चहाच्या दोन फेऱ्यांइतका वेळ आणि थोडे पैसे लागत. अजूनही साध्या चावीचे काम शंभराच्या आतबाहेर होते.

विसाव्या शतकाच्या शेवटी चावीच्या काळ्या मुठीत चिप आली. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ती यंत्रणा सक्तीची झाली आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडच्या मध्यम गाड्यांतही आली. या चिपला बॅटरी नसते. किल्ली फिरवायच्या जागेभोवती तारेचे वेटोळे असते, त्यातून तिला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. गाडीतल्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंजिन चालू राहते. खाचा हुबेहूब जुळल्या तरी गाडी सुरू होत नाही. चोरांना याने आळा बसला, हे खरे. पण त्याच दिवशी दीडशे वर्षे टिकलेली कानसही अपुरी पडली. केसभर धातू काढण्याच्या विद्येला आता एका यंत्राची आणि कंपनीच्या मर्जीची गरज लागली.

मर्जी हा शब्द आम्ही जाणून वापरला. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या कारागिरांना मिळू न देणे, हा आक्षेप होता. पुढे अपिले झाली, पण आयोगाने जे नोंदवले ते छत्रीखालच्या माणसाला आधीच ठाऊक होते. 2022 साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्या नावाचे संकेतस्थळही उघडले.

आम्ही एक जुनी गाडी घेतली. तिच्याबरोबर एकच चावी मिळाली. एका अधिकृत विक्रेत्याकडे दुसरीची चौकशी केली तर आठ हजारांच्या पुढचा आकडा आणि तीन आठवड्यांचा वायदा मिळाला. सांगलीत एका तरुण शिकलगाराने तेच काम निम्म्याहून कमी पैशांत, तासाभरात केले. त्याच्या वडिलांकडे कानस होती. याच्याकडे कानस आहेच, शिवाय खाचा कापणारे यंत्र आणि गाडीच्या डॅशबोर्डखालच्या जोडणीला लावून नवी चिप ओळखीची करून देणारे दुसरे यंत्र आहे. ती यंत्रे कर्जाने घेतलेली. कर्ज ज्याला मिळाले नाही तो अजून पेटीच्या कुलपांवर आणि सायकलींवर दिवस काढतो. त्यानेच सांगितले की, एक चावी हातात असताना दुसरी करणे स्वस्त. दोन्ही गेल्या की गाडी उचलून न्यावी लागते आणि खर्च कैकपटीने वाढतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, हेही गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावे.

त्याची अडचण वेगळीच होती. सरकारच्या मागासवर्गीयांच्या यादीत शिकलगार हे नाव आहे. धाकट्या भावाच्या तंत्रशिक्षणासाठी जातीचा दाखला हवा होता. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले. आडनाव शिकलगार, तीन पिढ्या धंदा शिकलगाराचा. पण मास्तरांनी कधीकाळी हात आखडता घेतला आणि रकाना तेवढ्यावरच थांबला. 1990 च्या दशकातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने नेमका हाच रकाना वेशीवर टांगला होता. निर्णय निघाले, परिपत्रके निघाली, तरी प्रत्येक घराला आपापला पुरावा स्वतःच हुडकावा लागतो. मिरजेच्या भावकीत जुने कागद मिळतील असे त्याला कोणी सांगितले होते. पण ते घराणे आता सतारमेकर नावाने ओळखले जाते, मग त्या कागदांचा उपयोग कितपत, असे तो विचारत होता.

बोलता बोलता त्याने आमच्या गाडीची कागदपत्रे मागून घेतली, नंबर वहीत उतरवला, ओळखपत्र पाहिले आणि सही घेतली. नवी चावी फिरवून दाखवली. मग कापलेल्या चावीची कड अंगठ्याने चाचपली, कुठेतरी खरखर लागली असावी. पेटीतून तिकोनी कानस काढली आणि दोन हात मारले.