दत्तक ‘त’

‘तो प्रेम करतो’ याला फ्रेंचमध्ये ‘इल एम’ म्हणतात. ‘तो प्रेम करतो का?’ असे औपचारिक वळणाने विचारायचे झाले, की क्रियापद आधी येते, सर्वनाम नंतर, आणि मध्येच एक ‘त’ उभा राहतो. लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना संयोगचिन्हे असतात. बोलताना मात्र तो पुढच्या स्वराला बिलगतो आणि ‘एम-तिल’ अशी दोन अक्षरे ऐकू येतात. हा ‘त’ आला कुठून, हे पाहण्यासाठी आपण मागे जाऊ.

लॅटिनमध्ये हेच रूप ‘आमात’ असे होते. त्यातला शेवटचा ‘त’ तृतीय पुरुषाची खूण, संस्कृत ‘गच्छति’तल्या ‘ति’चा सगोत्र. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर्ग येथे घेतलेल्या शपथा शार्लमेनचा नातू निथार्ड याने आपल्या इतिहासग्रंथात नोंदवल्या. फ्रेंचच्या या आद्य लेखात ‘कोन्सेर्वात’, म्हणजे ‘पाळतो’, हे रूप ‘त’सकट भेटते. अकराव्या शतकातल्या संत आलेक्सीच्या चरित्रकाव्यातही अशा क्रियापदांच्या अंती तो लिहिलेला आहे. पुढे मात्र दुबळ्या स्वरामागचा हा ‘त’ झिजला आणि नाहीसा झाला.

मग तो परतला कसा? ‘आहे का तो?’ म्हणजे ‘ए-तिल’, ‘म्हणतो का तो?’ म्हणजे ‘दी-तिल’. अशा रूपांत ‘त’ टिकून होता. कानाला सवय झाली, की प्रश्न म्हटला म्हणजे ‘तिल’ यायचेच. सोळाव्या शतकात लोक ‘त’ उच्चारत, पण लिहीत नसत; १५५० मध्ये झाक पेलतिए याने लेखन आणि उच्चार यांवर आपला संवादग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच विसंगतींच्या काळात. अखेर १६४७ मध्ये व्होज्ला याने आपल्या ‘रमार्क’ ग्रंथात असा ‘त’ उच्चारावा आणि लिहावाही, असा निर्वाळा दिला. बोलीने तर त्याहून पुढची मजल मारली. ‘इल’मधला ‘ल’ गळून उरलेला ‘ति’ स्वतंत्र प्रश्नचिन्हासारखा वापरला जाऊ लागला, आपल्या वाक्याअखेरच्या ‘का’सारखा. १८७७ मध्ये गास्तों पारी या भाषापंडिताने त्यावर लेखच लिहिला.

आता अनेकवचन पाहू. ‘ते प्रेम करतात का?’ याचा उच्चारही ‘एम-तिल’च होतो. पण इथला ‘त’ लॅटिन ‘आमान्त’पासून लेखनात अखंड चालत आलेला आहे. एकवचनातला दत्तक, अनेकवचनातला औरस; आणि बाराशे वर्षांच्या या वाटेच्या अखेरीस ऐकणाऱ्या कानाला दोघांत काडीचाही फरक जाणवत नाही.