मेलटू दुवा

पत्ता, विषय व मजकूर आधीच भरलेले ई-मेल उघडून देणारा दुवा. सादरीकरणात तो बहुधा बटणाच्या आकृतीला जोडतात (→ पॉवरपॉइंट, हायपरलिंक).

‘मेलटू’ ही योजना इंटरनेटच्या आरएफसी १७३८ (१९९४) या दस्तऐवजात नोंदली गेली. तेव्हा तीत केवळ पत्ता देता येई. विषय, प्रत व मजकूर भरण्याची सोय आरएफसी २३६८ ने (१९९८) केली. सध्याचे प्रमाण आरएफसी ६०६८ (२०१०) असून त्यात यूटीएफ-८ द्वारे इतर लिप्यांनाही स्थान आहे (→ युनिकोड).

पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, त्यानंतर बरोबरीच्या चिन्हाने जोडलेली नाव-मूल्याची जोडी आणि दोन जोड्यांमध्ये अँपरसँड, अशी दुव्याची घडण असते. मोकळी जागा टक्केचिन्ह व २० या अंकांनी दाखवतात. मजकुरातच अँपरसँड आले व ते सांकेतिक रूपात लिहिले नाही, तर पुढचा भाग गळतो. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे दुव्यात नऊ अक्षरखुणांचे होते: ‘नमस्कार’ या शब्दात अशी सात चिन्हे असल्याने त्याला ६३ खुणा लागतात. म्हणून लांब मराठी मजकूर लांबीच्या मर्यादेत लवकर अडकतो. पॉवरपॉइंटच्या दुवा-चौकटीत पत्ता व विषय यांचेच रकाने आहेत. मजकूर हाताने जोडावा लागतो.

स्लाइड शो चालू असताना बटण दाबल्यावर संगणकाचा ठरलेला मेल प्रोग्रॅम मसुदा उघडतो. पाठवण्याची कळ वापरणाऱ्यानेच दाबायची असते. जोडपत्राची तरतूद प्रमाणात नाही. आपोआप पाठवणीसाठी मॅक्रो लागतो (→ व्हीबीए). अभिप्राय, नोंदणी व रजेचे अर्ज यांसाठी हा दुवा वापरतात.