पेप्ट-१

लहान आतड्याच्या अस्तरपेशींवरील पेप्टाइड वाहक प्रथिन. अन्नातील प्रथिने पचून तयार झालेली दोन-तीन ॲमिनो अम्लांची पेप्टाइडे पेशीत घेणे हे त्याचे मूळ काम. सेफालेक्सिन, सेफाड्रॉक्सिल, अमॉक्सिसिलिन ही बीटा-लॅक्टम प्रतिजैविके तोंडावाटे देता येतात, तीही बव्हंशी याच वाहकामुळे. ती विद्युत्‌भारित व जलस्नेही असल्याने पेशीपटलाच्या मेदी थरातून सहज पार होत नाहीत. पण त्यांची घडण लहान पेप्टाइडाशी इतकी जुळते, की वाहक त्यांनाही आत घेतो. जेंटामायसिनला अशी वाट नाही, म्हणून शरीरभर पसरलेल्या संसर्गात ते टोचूनच द्यावे लागते.

वहनाची ऊर्जा हायड्रोजन आयनांच्या उतारातून मिळते. अस्तराच्या पृष्ठालगतचा थर किंचित आम्लधर्मी असतो. तेथून हायड्रोजन आयन पेशीत शिरताना औषधाचा रेणू सोबत येतो. आत आलेले आयन सोडियमच्या बदल्यात बाहेर टाकले जातात व सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खर्चून सोडियम उपसतो. म्हणजे एटीपीचा खर्च अप्रत्यक्ष, पण अटळ आहे.

वाहकाची क्षमता मर्यादित असते. अमॉक्सिसिलिनची एकेरी मात्रा बरीच वाढवली, तर शोषला जाणारा अंश घटतो. मात्रा दिवसभरात विभागून देण्यामागे हेही एक कारण आहे. सेफालेक्सिन जवळजवळ पूर्ण शोषले जाते. अँपिसिलिन मात्र अमॉक्सिसिलिनहून बरेच कमी शोषले जाते, आणि या दोहोंत फरक केवळ एका हायड्रॉक्सिल गटाचा आहे, ही बाब विशेष लक्षणीय. सशाच्या आतड्यातील पेप्ट-१ चे जनुक १९९४ मध्ये वेगळे करण्यात आले.