चित्रा व रेवती : चार अंशांचा वाद

कागदावरील तिथि जुळते, वार जुळतो, परंतु नक्षत्र किंवा अधिक मास मात्र जुळत नाहीं, असा प्रसंग जुन्या कागदांच्या संग्राहकांवर येऊं शकतो. अशा वेळीं कागद बनावट ठरविण्यास लेखणी उतावीळ होते. या विसंगतीचें एक कारण दप्तरांत नसून आकाशांत आहे, व तें नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येण्याजोगें आहे. म्हणून त्याची थोडी चर्चा येथें करण्याचें योजिलें आहे.

महाराष्ट्रांत पंचांगें गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२) होत असत. शके १७८७ (इ. स. १८६५) पासून केरो लक्ष्मण छत्रे यांचें नवें पंचांग निघूं लागलें, तेंच पुढें पटवर्धनी या नांवानें प्रसिद्धीस आलें. ग्रह वेधास मिळावे हा छत्र्यांचा हेतु निर्दोष होता. परंतु राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. छत्र्यांनीं रेवतीची योगतारा आरंभस्थानीं मानिली व लोकमान्य टिळकांनीं तो पक्ष उचलून धरिला. उलटपक्षीं ज्योतिर्गणितकार व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदु हाच आरंभ, असें प्रतिपादिलें.

केतकर बागलकोटचे. आम्हीं राहतों तें जुळे सोलापूर शहराच्या दक्षिणेस विजापूर रस्त्याच्या अंगास वसलें आहे. त्याच दिशेनें विजापुराहून पुढें गेलें म्हणजे बागलकोट लागतें. सोलापुरांत निघणारें दाते पंचांगहि चित्रापक्षाचेंच. तेव्हां आमच्याकडील वारा चित्रेच्या बाजूचा, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं. तथापि निर्णय वाऱ्यावर न सोडतां दोन्ही तारा प्रत्यक्ष पाहाव्या हें बरें.

चैत्र-वैशाखांत जेवणें आटोपल्यावर गच्चीवर जावें. उत्तरेस सप्तर्षींच्या शेपटीचा बांक धरून दृष्टि पुढें नेली कीं तांबूस स्वाती लागते. बांक तसाच दक्षिणेकडे वाढविला म्हणजे निळसर पांढरी, आसपास कोणी तोलाची सोबतीण नसलेली चित्रा सांपडते. ही पहिल्या प्रतीची तारा. रस्त्यावर दिव्यांचा झगमगाट असतांहि जुळे सोलापुरांतून ती लपत नाहीं. रेवतीची गोष्ट निराळी. कार्तिक-मार्गशीर्षांत रात्रीच्या पहिल्या प्रहरीं ती डोक्याच्या जवळपास येते खरी, परंतु तारा पांचव्या प्रतीची, म्हणजे डोळ्यांच्या मर्यादेजवळची. वसाहतीच्या गच्चीवरून तिचा पत्ता लागत नाहीं. अमावास्येच्या सुमारास शहर मागें टाकून शेतांत उभें राहावें लागतें. (कोजागिरीच्या रात्रीं तिचा शोध करूं नये, चंद्रच तेव्हां त्या भागांत असतो.) प्राचीनांस विजेच्या दिव्यांचा उपद्रव नव्हता हें मान्य, तरी ज्या काळोखांत चित्रा ठळक, त्याच काळोखांत ही मंद.

खरा घोटाळा ग्रंथांतच आहे. सूर्यसिद्धांताच्या नक्षत्रग्रहयुत्यधिकारांत चित्रेचा ध्रुवक १८० अंश व रेवतीचा ३५९ अंश ५० कला दिला आहे. म्हणजे दोहोंत जवळजवळ अर्ध्या वर्तुळाचें अंतर. आकाशांत मोजतां क्रांतिवृत्तावर तें सुमारें १८४ अंश भरतें. ध्रुवक व भोग यांतील भेद वजा केला तरी तीन अंशांची तफावत उरतेच. एकच ग्रंथ दोन्ही पक्षांचा आधार, आणि दोघांनाहि एकदम खरें ठरविणें अशक्य! या तारा समोरासमोरच्या असल्यामुळें एक उगवते तेव्हां दुसरी मावळतीस टेंकलेली असते. क्षितिजाजवळच्या धूसर हवेंत पांचव्या प्रतीची तारा दिसणार कोठून? हें अंतर इतकीं शतकें तपासल्यावांचून राहिलें, त्याचें कारण हेंच असावें असा आमचा तर्क आहे.

आतां जुन्या कागदांशीं कोणता पक्ष जुळतो तें पाहूं. ग्रहलाघवाच्या रीतीनें शकांतून ४४४ वजा करून दर वर्षास एक कला घेतली असतां शके १७८७ चे अयनांश २२ अंश २३ कला येतात. त्याच वर्षीं चित्रापक्षाचे सुमारें २२ अंश होते व रेवतीपक्षाचे सुमारें १८. म्हणजे ग्रहलाघवी परंपरेशीं चित्रापक्षाचें अंतर अर्ध्या अंशाच्या आंत, व रेवतीपक्षाचें चारांहून अधिक. भारत सरकारनें १९५७ सालीं स्वीकारलेल्या पंचांगसुधारणेंतहि चित्रेस धरूनच अयनांश घेतले आहेत.

चार अंश म्हणजे सूर्यास चार दिवस व चंद्रास सुमारें सात तास. आमच्याकडील कुणबी ७-८ जूनला ज्या मृगाची वाट पाहतो, तो रेवतीपक्षानें चार दिवस आधींच लागतो. (तो मृग सूर्याचा, मृगाच्या चांदण्या त्या दिवसांत सूर्याच्या तेजांत बुडालेल्या असतात.) तिथीवर मात्र या वादाचा परिणाम होत नाहीं, कारण तिथि म्हणजे चंद्रसूर्यांमधील अंतर, आणि आरंभस्थान कोठेंहि धरिलें तरी तें बदलत नाहीं. बदलतात तीं नक्षत्र, योग, संक्रांति, व संक्रांतीवर अवलंबून असलेला अधिक मास.

यास्तव १८६५ नंतरचा कागद पुढें आला, त्यांतील तिथि-वार बरोबर निघाले व अधिक मासच तेवढा अडला, तर तो बाजूस टाकण्यापूर्वीं रेवतीपक्षानें संक्रांतीचें गणित करून पाहावें. लिहिणाराच्या घरीं पटवर्धनी पंचांग असण्याचा संभव आहे. त्यापूर्वींच्या कागदास ही सबब लागू पडत नाहीं. तेथें ग्रहलाघवावरूनच पडताळा घेतला पाहिजे.