थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी: दोन्ही चालू असताना काय सांभाळावे

पस्तिशीतली एक बाई फाईल घेऊन समोर बसते. दोन वर्षांचे रिपोर्ट क्रमाने लावलेले असतात. टीएसएच आधी ६, मग ९, मागच्या महिन्यात ११. गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ आणि ७५ वरून १०० झालेली. हिमोग्लोबिन ९.२. केस गळतात, जिना चढला की दम लागतो, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. "डॉक्टर, गोळी एक दिवसही चुकवत नाही हो." ते खरेही असते. मग विचारले की गोळी नेमकी कशी घेता, तर उत्तर येते, "सकाळी चहासोबत. थायरॉइडची अन् रक्ताची, दोन्ही एकदमच घेऊन टाकते, म्हणजे विसरत नाही."

अशा वेळी अडचण बहुतेकदा डोस कमी पडण्याची नसते. दोन्ही गोळ्या एकाच वेळी पोटात जातात, ही असते.

पोटात काय होते

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की आपण लेव्होथायरॉक्सिन ही गोळी देतो. लोह आणि हे औषध आतड्यात एकत्र आले की एकमेकांना चिकटतात. त्यातून तयार होणारा संयुग शरीर शोषून घेऊ शकत नाही. म्हणजे गोळी गिळली जाते, पण तिचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात थायरॉक्सिन व्यवस्थित चालू असलेल्या १४ रुग्णांना त्याच वेळी फेरस सल्फेटची गोळी दिली गेली. १२ आठवड्यांत त्यांच्या टीएसएचची सरासरी १.६ वरून ५.४ वर गेली. थायरॉक्सिनचा डोस तोच होता.

कॅल्शियमच्या गोळ्या हेच करतात. ॲसिडिटीची पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्याही, कारण त्यांत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असते. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि डब्यातल्या प्रोटीन पावडरमध्येही लोह व कॅल्शियम घातलेले असते. "मी लोहाची गोळी घेत नाही, फक्त ताकदीची गोळी घेते" असे कोणी म्हटले की मी पाकीट मागवून वाचतो. त्यावर फेरस, फेरिक, आयर्न किंवा कॅल्शियम यांपैकी एकही शब्द असला, तर ती गोळी थायरॉक्सिनपासून ४ तास लांब ठेवायची.

इथे एक धोका सहसा सांगितला जात नाही. चुकीच्या वेळांमुळे डोस वाढत वाढत १०० वर गेला असेल आणि आता तुम्ही वेळा सुधारल्या, तर तोच १०० चा डोस पूर्ण शोषला जाऊन जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे, वजन झपाट्याने उतरणे ही त्याची लक्षणे. म्हणून वेळ बदलली की ती तारीख लिहून ठेवा, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा आणि डॉक्टरांना "वेळ बदलली आहे" हे आवर्जून सांगा. ६ आठवड्यांच्या आत केलेला टीएसएच बदल पुरता दाखवत नाही, त्यामुळे १५ दिवसांत तपासून घाबरून जाऊ नका.

दोन्ही त्रास एकाच व्यक्तीला का

थायरॉइड संप्रेरक कमी असले की पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि जास्त दिवस चालतो. दर महिन्याला लोह गळत राहते. जठरातले आम्ल कमी होऊ शकते, त्यामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होण्याचा वेगही मंदावतो. उलट दिशेनेही संबंध आहे: थायरॉइड संप्रेरक बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमला काम करायला लोह लागते. लोह फारच कमी असेल तर ग्रंथीचे काम आणखी अडते.

त्यातून आपल्याकडे ॲनिमिया आधीच घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये तो आढळला. इतका नेहमीचा आजार असला की थकवा आला की लोक गृहीत धरतात, "रक्त कमी असेल". थायरॉइडचे निदान झालेल्या घरात नेमके उलटे होते: सगळे थायरॉइडच्या नावावर टाकले जाते. टीएसएच २.५ आला तरी थकवा जात नसेल, तर गोळी वाढवण्याचा हट्ट धरू नका, फेरिटिन तपासा. शरीरात लोहाचा साठा किती आहे हे फेरिटिनवरून कळते. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि केस गळणे, थकवा, पाय अस्वस्थ होणे तेवढ्यानेही सुरू होते. प्रौढांमध्ये १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे कमतरता नक्की. ३० च्या खाली असेल आणि लक्षणे असतील, तर बहुतेक डॉक्टर उपचार करतात. ताप, संसर्ग किंवा सूज असताना हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, त्यामुळे आजारपणात तो तपासू नये.

नागपुरात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो

मुंबई-पुण्यात छापलेल्या माहितीपत्रकांत हा भाग नसतो, पण विदर्भात तो टाळून चालत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत तो फक्त आदिवासी समाजापुरता नाही, इतर अनेक समाजांतही आढळतो. म्हणून "आमच्यात नसतो" हे उत्तर मी कधी मान्य करत नाही.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे इथे गृहीत धरता येत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवले असेल तर लोह उलट जास्त साठते. अशा रुग्णाने फेरिटिन न बघता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाणे यकृताला आणि हृदयाला घातक ठरू शकते. त्यांना फॉलिक ॲसिड लागते, लोह प्रत्येकाला नाही. ज्यांच्यात फक्त वाहक गुण आहे, म्हणजे कार्डावर 'एएस' लिहिले आहे, त्यांचे हिमोग्लोबिन सहसा ठीक असते. ते कमी निघाले तर "सिकलमुळे असेल" म्हणून सोडू नका, दुसरे कारण शोधा.

थॅलेसेमिया मायनरही असेच फसवते. पेशी लहान दिसतात, रिपोर्ट लोह कमी असल्यासारखा वाटतो, पण फेरिटिन चांगले असते आणि लाल पेशींची संख्या कमी नसून जास्त असते. तीन महिने नियमित लोह घेऊन हिमोग्लोबिन जराही हलले नसेल, तर सिकलसेल आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी, म्हणजे एचपीएलसी, करून घ्या. लोह फार कमी असताना थॅलेसेमिया मायनर या तपासणीत निसटू शकतो. अलीकडे रक्त चढवले असेल तर रिपोर्ट दिशाभूल करतो. या दोन्ही गोष्टी तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

बी-१२, डी आणि बाकीचे

शाकाहारी घरात बी-१२ कमी असणे नेहमीचे आहे. थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. अशा काही रुग्णांत तोच हल्ला जठराच्या अस्तरावरही होतो आणि मग अंडी-मटण खाऊनही बी-१२ शोषले जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते घटते. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा अशी लक्षणे असतील तर बी-१२ तपासल्याशिवाय नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांचे नुकसान चालूच राहते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर पेशींचा आकार मध्यम दिसतो आणि रिपोर्ट वरवर साधा वाटतो.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर ते भरून काढावे, पण त्याने थायरॉइड बरा होतो असे नाही. सेलेनियम, झिंकच्या महागड्या कॅप्सूल बहुतेकांना लागत नाहीत. आयोडीनयुक्त मीठ घरात आहेच, वरून आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर ग्रंथी बिघडू शकते. केसांसाठीच्या बायोटिनबद्दल मात्र लक्षात ठेवा: जास्त मात्रेतले बायोटिन काही प्रयोगशाळांत टीएसएच खोटा कमी दाखवते. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा.

दिवसाच्या वेळा

उठल्यावर फक्त पाण्यासोबत थायरॉक्सिन. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास चहा-कॉफी-दूध नाही. ज्यांना सकाळचा चहा सुटतच नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना गोळी घेतली तरी चालते, फक्त रोज तीच वेळ हवी आणि त्या आधीच्या ४ तासांत लोह-कॅल्शियम नको.

लोहाची गोळी दुपारी जेवणाआधी किंवा चार-पाचच्या सुमारास. लिंबूपाण्यासोबत किंवा संत्र्यासोबत घेतली तर शोषण चांगले होते. त्या आधी-नंतर तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, कारण लोह आणि कॅल्शियमही एकमेकांना अडवतात. पण थायरॉक्सिन रात्री घेत असाल तर कॅल्शियम दुपारच्या जेवणात घ्या आणि लोह संध्याकाळी पाचच्या आसपास.

लोहाने मळमळ होते, शौचाला कडक आणि काळी होते. थायरॉइडमुळे आधीच बद्धकोष्ठ असलेल्यांना हे फार जाचते आणि मग गोळी गुपचूप बंद होते. बंद करू नका, सांगा. बऱ्याच जणांना एक दिवसाआड एक गोळी दिली तर त्रास कमी होतो आणि प्रत्येक गोळीतले लोह जास्त शोषले जाते. तरीही जमत नसेल तर शिरेतून लोह देता येते, त्याचा थायरॉक्सिनशी संघर्ष नाही. हिमोग्लोबिन महिनाभरात साधारण १ ते २ ग्रॅम वाढायला हवे. ते १२ झाले म्हणून थांबू नये, साठा भरायला पुढे आणखी तीन महिने गोळी लागते.

उपवासाच्या दिवशी गोळी बंद ठेवणारे बरेच भेटतात. पाण्यासोबत घेतलेल्या औषधाने उपवास मोडत नाही.

ताटात काय

पालकापेक्षा शेवग्याचा, म्हणजे आपल्या मुनग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, तीळ यांवर भर द्या. तर्री-पोह्यांवर लिंबू पिळायची सवय आहे ती चांगलीच आहे, फक्त सोबतचा चहा तासाभराने घ्या. मांसाहार करत असाल तर मटणातले आणि कलेजीतले लोह सर्वांत सहज शोषले जाते. गर्भवतींनी मात्र कलेजी टाळावी, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असते.

विदर्भात गव्हासोबत सोयाबीन दळून आणायची पद्धत आहे. सोया थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणू शकते. बंद करायची गरज नाही, पण गोळीनंतर लगेच ती पोळी नको आणि पिठातले प्रमाण दर महिन्याला बदलू नका. शिजवलेल्या पत्ताकोबीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

गर्भवती असाल तर

इथे चूक परवडत नाही. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते आणि आईची गरजही वाढते. गर्भधारणा कळताच टीएसएच करा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. नंतर सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिक ॲसिडची गोळी आणि कॅल्शियम मिळते. लोहाची गोळी ६० मिलिग्रॅमची असते. आशाताई गोळ्या देतात तेव्हा "मला थायरॉइडची गोळी चालू आहे" हे त्यांना सांगा आणि तिन्हींच्या वेळा मातृत्व कार्डावरच लिहून घ्या. सासूबाई प्रेमाने तिन्ही गोळ्या एका वाटीत काढून दुधासोबत देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांनाही हा लेख वाचायला द्या.

उशीर करू नये असे काही

पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले तर थायरॉइडला दोष देऊन थांबू नका. पोटातून किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना, हे तपासलेच पाहिजे. लोह चालू नसताना डांबरासारखी काळी शौच, विश्रांतीतही दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी थायरॉक्सिनचा डोस स्वतःहून कधीही वाढवू नये, विशेषतः रक्त कमी असताना.

आणि नागपूरच्या मे महिन्यात गोळ्यांची बाटली खिडकीत, कारच्या डॅशबोर्डवर किंवा स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवू नका. थायरॉक्सिन उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात मूळ पॅकिंगमध्येच ठेवा. उन्हाळ्यात काहीही न बदलता टीएसएच वाढला, तर आधी बाटली कुठे होती ते आठवा.