कर्णमूळाची शस्त्रक्रिया आणि चेहऱ्याचा मज्जातंतू

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाला बिलगून असणाऱ्या पॅरोटिड (कर्णमूळ) ग्रंथीचे, गालगुंडात सुजणाऱ्या याच ग्रंथीचे, शस्त्रवैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या भय वाटत आले, ते तिच्या गाभ्यातून पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या मज्जातंतूमुळे. चेहऱ्याच्या हालचाली याच तंतूच्या स्वाधीन आहेत, हे चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यापूर्वी चेहऱ्यातील असह्य कळांवर इलाज म्हणून काही शस्त्रवैद्य हाच तंतू तोडीत, आणि कळा कायम राहून रुग्णाचा चेहरा मात्र लुळा पडे.

पुढे या भयापोटी जो दस्तूर पडला, तो ग्रंथीत झालेली गाठ तेवढी तिच्या आवरणातून कोरून काढण्याचा. तंतू दृष्टीस पडला नाही म्हणजे तो सुखरूप राहिला, असे मानले जाई. परंतु येथे बहुधा आढळणाऱ्या मिश्र अर्बुदाचे आवरण अखंड नसते. मागे राहिलेल्या अंशांतून गाठ काही वर्षांनी पुन्हा, आणि अनेक ठिकाणी, डोके वर काढी, आणि जुन्या व्रणाच्या चिवट जाळ्यात दुसऱ्यांदा सुरी चालविताना, ज्याच्या रक्षणासाठी एवढी खबरदारी घेतली तोच तंतू धोक्यात येई. इतकी महाग पडलेली सावधगिरी शल्यशास्त्राच्या इतिहासात विरळाच.

१९४० साली टोरांटोच्या रॉबर्ट जेन्स यांनी तंतूचे मूळ आधी शोधून मगच ग्रंथी काढण्याचा पुरस्कार केला; पाठोपाठ १९४१ मध्ये, ज्यांचा ‘बेली अँड लव्ह’ हा ग्रंथ आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही नित्य हाताखालचा, त्या हॅमिल्टन बेलींनी संपूर्ण ग्रंथी काढण्याची बाजू मांडली. डेव्हिस, अ‍ॅन्सन प्रभृतींनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ३५० अर्धचेहऱ्यांच्या विच्छेदनांत शाखांच्या मांडणीचे सहा प्रकार आढळले. शाखांचा भरवसा नाही, तंतूच्या मुख्य खोडाची जागा मात्र बव्हंशी ठरलेली. म्हणूनच शोध खोडापासून आरंभणे इष्ट.

कानाच्या कूर्चेचे खाली-आत वळलेले टोक सापडले की त्याच्या सुमारे एक सेंटीमीटर खाली व आत, डायगॅस्ट्रिक स्नायूच्या वरच्या कडेलगत, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे ते शुभ्र खोड हळुवारपणे उघडे केले जाते. त्या वेळी भूलतज्ज्ञ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरू देतो आणि चेहरा झाकला जात नाही, कारण ओठाचे वा पापणीचे पुसट स्फुरण हा साहाय्यकाला मिळणारा एक इशारा. गाठ नेमकी खोडावरच बसली असेल, तर ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी बारीक शाखा हुडकून तिच्या आधाराने उलट मुळाकडे जावे लागते.